क्लेम नाकारताना ईसीजीतला 'ब्लॉक' पुढे केला असेल तर

तुमच्या वडिलांच्या अँजिओप्लास्टीचा क्लेम 'जुन्या ईसीजीत आरबीबीबी आहे, म्हणजे ब्लॉक आधीपासूनच होता आणि तो लपवला' असं म्हणून नाकारलाय, हे वाचून राहवलं नाही. माझ्या आईच्या वेळी हेच कारण आलं होतं. फॉर्म, बिलं वगैरे तुम्ही केलंच असेल, त्यात शिरत नाही.

आरबीबीबी म्हणजे राइट बंडल ब्रँच ब्लॉक. हृदयाच्या खालच्या कप्प्यांकडे विजेचा संदेश नेणाऱ्या शाखांपैकी उजव्या शाखेतून तो उशिरा जातो किंवा जात नाही, एवढंच त्यातून कळतं. अँजिओग्राफीत दिसतो तो रक्तवाहिनीतला अडथळा, आणि तो टक्क्यांत लिहितात. घरातलं वायरिंग आणि नळाची पाइपलाइन जितकी वेगळी, तितक्याच या दोन गोष्टी वेगळ्या. आरबीबीबी ठणठणीत माणसांतही सापडतो. डाव्या शाखेचा असेल तर डॉक्टर जास्त तपासण्या करतात. कम्प्लीट हार्ट ब्लॉकला, म्हणजे वरच्या कप्प्यांचा संदेश खाली अजिबात पोचत नसेल तर, बहुधा पेसमेकर लागतो, पण त्यातही रक्तवाहिन्या मोकळ्या असू शकतात. मी डॉक्टर नाही, तुमच्या वडिलांचं नेमकं काय ते त्यांचे कार्डिऑलॉजिस्टच सांगतील.

आम्हाला सगळ्यात महागात पडलं ते टीपीएचं, म्हणजे विमा कंपनीसाठी क्लेमची कागदपत्रं हाताळणाऱ्या मधल्या संस्थेचं ऑफिस. त्यांनी जुन्या ईसीजीच्या वेळची अँजिओग्राफीची सीडी मागितली. जी तपासणी कधी झालीच नाही, तिची सीडी आणायची कुठून? तसं लेखी कळवलं, तरी 'कागदपत्रे अपूर्ण' हाच शेरा. कॅशलेस गेलं आणि डिस्चार्जसाठी वडिलांच्या निवृत्तीच्या पैशातली एफडी मोडावी लागली. पैशांपेक्षा लागलं ते वेगळंच. टाके ओले असताना आई विचारत होती, "मी खरंच काही लपवलं का रे?" ज्या कागदावर माणसाला खोटं ठरवायचं, तो वाचता येणारा एक डॉक्टर तरी त्या टेबलावर नको का?

माझं स्पष्ट मत: फोन करत बसू नका. क्लेमचा निर्णय विमा कंपनीचा असतो, टीपीएचा नव्हे, म्हणून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी द्या. सोबत कार्डिऑलॉजिस्टचं पत्र हवंच. त्यात तीन गोष्टी असू द्या: जुन्या ईसीजीतला दोष विद्युतवहनाचा होता, त्यावरून रक्तवाहिन्यांचा आजार ठरत नाही, आणि तो आजार पहिल्यांदा कधी निदान झाला. आमचं काम या पत्रानेच झालं. कंपनीने नकार दिला किंवा महिनाभरात उत्तरच दिलं नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येतं. मुंबई आणि पुणे दोन्हीकडे कार्यालय आहे, फी नाही, वकील लागत नाही. मात्र कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत जा.

पॉलिसी सलग किती वर्षं चालू आहे तेही बघा. २०२४ च्या नियमांनुसार ६० महिने पूर्ण झाल्यावर माहिती लपवल्याच्या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच येतो. मधे विम्याची रक्कम वाढवली असेल तर त्या वाढीव भागाचे महिने वेगळे मोजतात, ते तपासून घ्या.

आता डिस्चार्ज समरी काढा आणि 'हिस्टरी'चा रकाना वाचा. ॲडमिट करताना घाबरलेला एखादा नातेवाईक "त्यांना आधीपासून ब्लॉक आहे" म्हणतो, ज्युनियर डॉक्टर तसंच लिहून घेतात, आणि तेवढी ओळ क्लेमवाल्यांना पुरते. चुकीचं असेल तर हॉस्पिटलकडून सही-शिक्क्यासह दुरुस्त करून घ्या.

फाइलमधले बाकीचे सारखे दिसणारे शब्दही बघून ठेवा. बीटा ब्लॉकर ही गोळी बीपी किंवा धडधडीसाठीही देतात. नर्व्ह ब्लॉक म्हणजे तेवढा भाग बधिर करणं. पॅथॉलॉजीचा ब्लॉक म्हणजे बायोप्सीचा तुकडा बसवलेला मेणाचा ठोकळा. दातांच्या रिपोर्टात 'ऑक्लुजन' असेल तर ते वरचे-खालचे दात एकमेकांवर कसे बसतात त्याबद्दल असतं. अँजिओग्राफीत 'टोटल ऑक्लुजन' असेल तर मात्र वाहिनी पूर्ण बंद. नकाराच्या पत्रात यातलं नेमकं काय धरलंय ते इथे लिहा, मग पुढचं सांगता येईल.