वाचक विचारतात: वाफेच्या इंजिनाचं मॉडेल, कास्टिंगपासून तेलापर्यंत

मागच्या अंकात गिरण्यांमधल्या, पंपिंग स्टेशनांमधल्या एका जागी बसवलेल्या जुन्या वाफेच्या इंजिनांवर आणि त्यांच्या छोट्या चालत्या मॉडेल्सवर लिहिलं होतं. त्यावर भरपूर पत्रं आली, बहुतेक आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातलीच. सगळ्यांना इथं जागा देता येणार नाही, जे प्रश्न पुन्हा पुन्हा आलेत ते घेतलेत.

"उद्यमनगरात आयुष्यभर लेथवर ऑइल इंजिनची कामं केली, आता रिटायर झालोय, घरी छोटा लेथ आहे. वाफेचं मॉडेल करायची लई दिवसांची इच्छा आहे. इंग्लंडहून कास्टिंगचा सेट मागवावा म्हणतोय, पण मुलगा म्हणतो कस्टमबिस्टम धरून फार महाग पडेल. पहिलं मॉडेल कुठलं घ्यावं?"
*एक निवृत्त टर्नर, शिवाजी उद्यमनगर*

काका, सेट वाईट नसतात. स्टुअर्ट या ब्रिटिश कंपनीची कास्टिंग्ज १८९८ पासून जगभरचे लोक घेतायत आणि त्यांचं १० व्ही हे उभं इंजिन, पाऊण इंच बोअर (सिलिंडरच्या भोकाचा व्यास), पाऊण इंच स्ट्रोक (पिस्टनची धाव), यावर कितीतरी जणांचा हात बसलाय. पण तुम्ही कोल्हापुरात बसून बिडाचं कास्टिंग समुद्रापलीकडून मागवणार हे काय मला पटत नाही! शिरोलीला फाउंड्र्या, गोकुळ शिरगावला फाउंड्र्या, पॅटर्नवाले (ओतकामाचे नमुने करणारे) तुमच्या ओळखीतले. ड्रॉइंग तेवढं विकत घ्या, बाकी सगळं इथंच होतंय.

पहिलं मॉडेल आडवं मिल इंजिन करा, एक सिलिंडर, साधा स्लाइड व्हॉल्व्ह (पुढं-मागं सरकून वाफेची वाट उघड-बंद करणारी झडप). सगळं एका बेडवर असतं, लाइनमध्ये आणायला सोपं जातं, आणि चालताना क्रॉसहेड (पिस्टन रॉडच्या टोकाला सरळ सरकणारा ठोकळा), कनेक्टिंग रॉड, क्रँक सगळं समोर दिसतं. बीम इंजिन (वर तराजूसारखी डोलणारी तुळई असलेलं) दिसायला राजेशाही खरं, पण त्यात पिन आणि सांधे इतके की सगळ्यात थोडी थोडी ढिलाई राहिली तरी शेवटी खडखडाट होतो, ते दुसऱ्या खेपेला घ्या.

आता कास्टिंगचं. बीड गार होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणजे १०० मिलिमीटरला १ मिलिमीटर, ते पॅटर्नमध्येच धरायचं, वर मशीनिंगला दोन-तीन मिलिमीटर ठेवायचे. फाउंड्रीत सांगताना ग्रे आयर्न पाहिजे म्हणून स्पष्ट सांगा, एफजी २०० किंवा २२० चालेल, नाहीतर त्या दिवशी भट्टीत जे असेल ते म्हणजे एसजी (ज्यात ग्रॅफाइटच्या गोळ्या असतात ते बीड) सुद्धा ओततील. ग्रे आयर्नमध्ये ग्रॅफाइटच्या पाकळ्या असतात, त्या स्वतःच वंगणासारखं काम करतात म्हणून सिलिंडरला तेच बरं. एक-दोन नगासाठी वेगळा बॉक्स (रेतीच्या साच्याची चौकट) कोण भरणार नाही, तेव्हा मोल्डरला गोडीत सांगून दुसऱ्या कामाच्या बॉक्सच्या कोपऱ्यात आपला पॅटर्न बसवून घ्यायचा. आणि एवढ्या लहान बोअरला कोअर (भोकासाठी साच्यात ठेवायचा रेतीचा गाभा) ठेवत बसू नका, भरीव ओतून घ्या नाहीतर सरळ बिडाचा बार आणून त्यातच सिलिंडर काढा.

खरी अडचण पातळ भागात येते. बेडची कड, फ्लायव्हीलचे आरे, असले भाग पटकन गार होतात आणि तिथं बीड पांढरं, काचेसारखं कडक होतं. टूल लावलं की कापत नाही, किंचाळत वरून घसरतं आणि टूलची धार एका क्षणात जाते. त्याला उपाय म्हणजे तुकडा लालभडक तापवून तासभर तसाच ठेवायचा आणि भट्टीतच सावकाश गार होऊ द्यायचा. साध्या कास्टिंगलासुद्धा पहिला कट भीत भीत घ्यायचा नाही, कार्बाइड टूल लावून एकदम वरच्या सालीच्या खाली जायचं, सालीत रेती असते ती टूलची धार खाते. फ्लायव्हीलचा पॅटर्न करणार असाल तर जुन्या चाकांचे वाकडे आरे बघा, ती नुसती शोभा नाही. रिम, आरे आणि मधला बॉस (शाफ्ट बसायचा जाड भाग) वेगवेगळ्या वेळी गार होतात, आरा सरळ असला तर ताणानं तडकतो, वाकडा असला तर थोडा सरळ होऊन ताण सोसतो.

बोअरिंग तुम्हाला मी काय शिकवणार? फक्त एवढंच सांगतो की जेम्स वॅटनं वेगळ्या कंडेन्सरचं (वाफ सिलिंडरबाहेर गार करणाऱ्या भांड्याचं) पेटंट १७६९ ला घेतलं, पण मोठा सिलिंडर गोल आणि सरळ बोअर करून देणारा माणूसच त्याला मिळत नव्हता. १७७५ च्या सुमारास जॉन विल्किन्सननं बोअरिंग बार सिलिंडरमधून आरपार घालून दोन्ही टोकांना टेकवला तेव्हा कुठं ते इंजिन बाजारात उभं राहिलं. तुमच्या हातातली विद्या या इंजिनाच्या मुळाशी आहे काका, बिनधास्त सुरू करा.

"डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत एक आडवं मॉडेल पुरं केलं. कॉम्प्रेसर लावला की सुसाट पळतं पण हवा कमी केली की बंद पडतं, आणि एका बाजूला ठक् ठक् वाजतं. मित्र म्हणतात पळतंय की, अजून काय पाहिजे."
*एक विद्यार्थी, राजारामपुरी*

भावा, मित्रांचं ऐकू नको. जोरात हवा मारली की कसलंही इंजिन पळतं. गिरणीतलं मोठं इंजिन मिनिटाला साठ-सत्तर फेरे सावकाश मारायचं आणि तेवढ्यात अख्खी गिरणी ओढायचं, बघणाऱ्याला त्याच चालीचं वेड लागतं. मॉडेल हळू चाललं तरच ते जमलं म्हणायचं, मी तर मॉडेल बघायला गेलो की आधी हवा कमी करा म्हणतो.

हे अवघड का, ते आकड्यांत बघ. एक-दशांश स्केल केलं तर सिलिंडरचं आकारमान हजारावा भाग होतं, म्हणजे तेवढ्याच प्रेशरला एका स्ट्रोकचं काम हजारावा भाग. पण तेवढ्याच आरपीएमला फ्लायव्हीलमध्ये साठणारी ऊर्जा एक लाखावा भाग होते. म्हणजे कामाच्या मानानं तुझं चाक मूळ चाकापेक्षा शंभरपट दुबळं आहे, डेड सेंटर (पिस्टन टोकाला जाऊन क्रँक सरळ रेषेत येतो ती जागा) पार करायला त्याच्यात दम राहत नाही. म्हणून घर्षण जवळजवळ शून्यावर आणायचं आणि प्रेशर कमी ठेवायचं, दुसरा मार्ग नाही.

आधी हवेची नळी काढून टाक. व्हॉल्व्ह चेस्टचं (व्हॉल्व्ह बसतो त्या पेटीचं) झाकण काढ आणि चाक बोटानं ढकल. ते फिरत फिरत थांबताना थोडं मागं-पुढं झुललं पाहिजे, एका ठिकाणी गचकन थांबत असेल तर तिथं काहीतरी अडतंय. बहुतेक वेळा क्रॉसहेडचा गाइड सिलिंडरच्या लाइनीत नसतो नाहीतर ग्लँडचा (पिस्टन रॉडभोवतीची गळती रोखणाऱ्या भागाचा) नट जास्त आवळलेला असतो. ग्लँड बोटानं आवळायचा, पान्यानं नाही, तिथून थोडी हवा सुटली तरी चालतंय.

मग व्हॉल्व्ह. झाकण उघडंच ठेवून चाक चालायच्या दिशेनं हळूहळू फिरव आणि दोन्ही टोकांना पोर्ट (सिलिंडरमध्ये वाफ जायची खाच) किती उघडतोय ते बघ. एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी उघडत असेल तर स्पिंडलवरचा (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या दांडीवरचा) नट फिरवून दोन्ही सारखं कर, तुझी ठक् ठक् बहुतेक इथंच आहे. ते झालं की क्रँक डेड सेंटरला आण, एक्सेंट्रिकचा (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या, शाफ्टवर मध्य सोडून बसवलेल्या चकतीचा) ग्रब स्क्रू ढिला करून एक्सेंट्रिक चालायच्या दिशेनं फिरव, त्या बाजूचा पोर्ट केसभर उघडला की थांब आणि स्क्रू आवळ. एक्सेंट्रिक क्रँकच्या नव्वद अंशांपेक्षा थोडा जास्त पुढं आलेला दिसला पाहिजे. मग दुसऱ्या डेड सेंटरला तपास. एवढं करूनही वाजत असेल तर बिग एंडमधली (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकातली) ढिलाई बघ.

आणि एक गोष्ट जी ड्रॉइंगवर दिसत नाही. स्पिंडलचा नट व्हॉल्व्हच्या खाचेत घट्ट बसलेला नको. व्हॉल्व्ह वर-खाली मोकळा पाहिजे म्हणजे हवेचा दाबच त्याला सीटवर बसवतो. नट घट्ट असला की व्हॉल्व्ह अधांतरी लटकतो, हवा खालून सरळ एक्झॉस्टला जाते आणि मग हळू चालायचं नावच नको. व्हॉल्व्हचा तळ जाड काचेवर ६०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून, तेलाचा थेंब टाकून, हलक्या हातानं घास. सगळीकडं एकसारखा मंद रंग आला की थांबायचं, मधे एखादा चमकदार ठिपका दिसला तर अजून घासायचं.

"नववीतल्या मुलाला छोटं इंजिन खऱ्या वाफेवर चालवायचंय. घरातल्या कुकरच्या शिट्टीच्या जागी नळी लावायची म्हणतोय. व्हिडिओ बघितलेत त्यानं. चालेल का?"
*एक आई, कसबा बावडा*

नाही ताई, अजिबात नाही. कुकरची शिट्टी हाच त्याचा मुख्य सेफ्टी व्हॉल्व्ह आहे. साधारण एक किलो प्रति चौरस सेंटिमीटरला ती उचलते, आत तेव्हा १२० डिग्रीच्या आसपास तापमान असतं. तिथं नळी घातली आणि इंजिन अडलं किंवा नळी दुमडली की वाफेला वाट नाही, सगळी भिस्त राहते त्या वितळणाऱ्या छोट्या प्लगवर. फुटलं तर आतलं सगळं गरम पाणी एकदम वाफ व्हायला बघतं आणि एक लिटर पाण्याची दीड हजार लिटरच्या वर वाफ होते. मुलाचा हिरमोड करू नका, पण आत्ता गाडीच्या टायरला हवा भरायचा छोटा कॉम्प्रेसर रेग्युलेटर लावून द्या, इंजिन त्यावर मस्त चालतं.

पुढं खरा बॉयलर करायचा झाला तर तांब्याचा, सिल्व्हर सोल्डरनं जोडलेला, आणि जाणत्या माणसाच्या हाताखालीच. साधं टिन सोल्डर १८३ डिग्रीला पाणी होतं, पाणी कमी पडून बॉयलर कोरडा तापला की सांधा उघडलाच म्हणून समजा. सिल्व्हर सोल्डर करताना तांबं तापून मऊ पडतं, म्हणून पत्र्याची जाडी मऊ तांब्याच्या हिशोबानंच धरतात. आग लावायच्या आधी थंड पाणी काठोकाठ भरून, हवा राहू न देता, कामाच्या दुप्पट प्रेशरला हातपंपानं टेस्ट करायचा आणि सांधे बघायचे. आपल्याकडच्या बॉयलर कायद्यात २५ लिटरपेक्षा कमी मावणारं भांडं बॉयलर म्हणून धरत नाहीत, म्हणजे तपासायला सरकारी इन्स्पेक्टर येणार नाही, सगळी जबाबदारी घरच्या मोठ्यांची.

"मॉडेलला दोन गोळ्यांचा गव्हर्नर (इंजिनाचा वेग आपोआप राखणारा) बसवला, अगदी स्केलमध्ये. गोळे उचलतच नाहीत. वजन कमी करू का?"
*एक यंत्रमागधारक, इचलकरंजी*

वजनाला हात लावू नका, काही फरक पडणार नाही. वॅटनं १७८८ ला वापरात आणलेला हा साधा गव्हर्नर गोळ्यांच्या वजनावर नाही, उंचीवर चालतो, म्हणजे वरच्या सांध्यापासून गोळ्यांच्या पातळीपर्यंतचं उभं अंतर. मोठ्या इंजिनात ते २५ सेंटिमीटर असेल तर गोळे मिनिटाला ६० फेऱ्यांना त्या उंचीवर येतात. तुमच्या एक-दशांश मॉडेलमध्ये ते अडीच सेंटिमीटर, त्याला जवळपास १९० फेरे लागतात. म्हणून पुली बदला, गव्हर्नरची लहान करा किंवा शाफ्टवरची मोठी, तिप्पट वेग द्या, गोळे छान उघडतील. पण त्यांच्याकडून थ्रॉटल (वाफ कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह) ओढून घ्यायची अपेक्षा ठेवू नका, एवढ्याशा गोळ्यांत व्हॉल्व्हचं घर्षण मोडायचा जोर नसतो. लिंकेज दिसायला पूर्ण जोडा, स्पीड हातानं ठेवा.

"शाहू मिलच्या इंजिनाचं मॉडेल करायचंय."
*एक वाचक, लक्ष्मीपुरी*

कल्पना नाद खुळा आहे! १९०६ ला शाहू महाराजांनी पाया घातलेली मिल, तिची चिमणी आणि भोंगा कोल्हापूरकरांच्या मनात अजून आहे. पण ड्रॉइंग किंवा प्रत्यक्ष मापं हातात असल्याशिवाय तशी पाटी लावू नका. त्या काळातलं आडवं मिल इंजिन म्हणून करा आणि तसंच लिहा, मान कमी होत नाही. कुठं जुनं इंजिन उभं दिसलं तर परवानगी काढून टेप घेऊन जा, फोटोत शेजारी फूटपट्टी धरा, सिलिंडरच्या बोल्टांची संख्यासुद्धा लिहून घ्या.

"तेल कुठलं घालू?"
*तीन-चार पत्रांत*

हवेवर चालवत असाल तर शिलाई मशीनचं पातळ तेल पुरे. वाफेवर मात्र ते धुऊन जातं, तिथं ४६० ग्रेडचं जाड स्टीम सिलिंडर ऑइल लागतं, तेही लुब्रिकेटरमधून (वाफेच्या नळीवरच्या तेलाच्या छोट्या डबीतून) वाफेबरोबर जाईल असं. वाफेवर चालवून झालं की इंजिन गरम असतानाच ड्रेन कॉक उघडून पाणी काढा, थोडी हवा मारा, सिलिंडरमध्ये तेल घालून चाक हातानं फिरवून ठेवा. आपल्या पावसाळ्यात उघड्या बिडावर एका रात्रीत तांबूस थर येतो, तेव्हा जून ते सप्टेंबर आठवड्यातून एकदा चाक फिरवायला विसरू नका.