फिरोजाचे दागिने, मागची बाल्कनी आणि तीन लाखांचं यंत्र

पत्र: माझी मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. दहावीच्या सुट्टीत मणी ओवायला बसली, ते वेड अजून आहे. मागची बाल्कनी बंद करून तिला टेबल टाकून दिलं. फिरोजा, अकीक, मूनस्टोन असे खडे मागवते, तार वळून पेंडंट आणि कानातले करते. गेल्या वर्षभरात इन्स्टाग्रामवरून 41 नग विकले. आता म्हणते, बँकेच्या परीक्षा देणार नाही, हेच करणार. शेवटचं सत्र सोडून जयपूरला शिकायला जायचं म्हणते. खडे कापायचं-घासायचं यंत्र आणि अवजारं यांसाठी तीन लाख मागते. ते पैसे आम्ही तिच्या लग्नासाठी बाजूला ठेवलेत. तिचे बाबा म्हणतात, हे सोनारांचं काम, आपल्या घरात कुणी केलंय? मला तिचं मन मोडवत नाही. तिच्या कामाचे तीन फोटो पाठवते आहे. काय करावं?
— एक आई, मिरज

ताई,

उत्तराआधी तिन्ही फोटो मोठे करून पाहिले. पहिल्या पेंडंटात तारेचे तीन वेढे खड्याच्या मागे गेलेत आणि टोक आत दडवलंय. दुसऱ्यातही तसंच. तिसऱ्यात मात्र टोक मिलीमीटरभर बाहेर राहिलंय, ते कुणाच्या तरी ओढणीचा धागा ओढणार. हे तिसरं बहुतेक कुरिअर सकाळी जायचं म्हणून रात्री उशिरा संपवलेलं असावं. विचारून बघा, हसेल. पण पहिल्या दोघांत टोक दडवायचं तिला सुचलं, याला मी डोळा म्हणते. तो क्लास लावून येत नाही.

तिसऱ्या फोटोतल्या खड्यांबद्दल मात्र मला शंका आहे. पाचही खडे एकाच निळ्या रंगाचे, वर काळ्या रेघांची सारखीच जाळी. खाणीतला फिरोजा इतका शिस्तीत सहसा येत नाही. तांब्यामुळे तो निळा होतो, लोह आलं की हिरवटपणाकडे झुकतो, त्यामुळे एका पुडीतले खडेही थोडे इकडेतिकडे असतात. बाजारात ‘फिरोजा’ म्हणून मिळणारा बराचसा स्वस्त माल म्हणजे हाऊलाइट नावाचा पांढरा दगड निळा रंगवलेला. नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन कापसावर घेऊन खड्याच्या मागच्या बाजूला घासायला सांगा. कापूस निळा झाला तर समजायचं. नाही झाला तरी निर्धास्त राहू नका, मागे चाकूचं टोक ओढून पाहा. हाऊलाइट मऊ असतो, लगेच ओरखडा घेतो. रंगवलेला दगड विकणं गुन्हा नाही, पण तो फिरोजा म्हणून विकला तर ती फसवणूक होते, आणि इथे फसवणारी आपली पोरगी असेल, तिला फसवलेलं असलं तरीही. राळ भरून पक्का केलेला फिरोजा असतो तोही चालतो, मात्र गिऱ्हाइकाला तसं सांगायचं. आणि ‘स्लीपिंग ब्यूटी’ नावावर भाळू नका. ॲरिझोनातल्या त्या खाणीतून फिरोजा काढणं 2012 मध्येच थांबलंय.

आता मुद्द्याचं. ती आज करते ते ओवणं आणि वळणं आहे. त्याला मी कमी लेखत नाही, पण दोन पक्कडी आणि पाचशे रुपयांची तार घेऊन महिनाभरात शेजारचीही ते करू शकते, म्हणून त्या वस्तूची किंमत सहाशे-सातशेच्या वर जात नाही. पोट भरणारं काम आगीपासून सुरू होतं. खड्याला चांदीचं कोंदण करणं, ते पत्र्यावर झाळणं म्हणजे तापवून जोडणं, खडा त्यात असा बसवणं की दहा वर्षं हलणार नाही, हे तिला आवडतं का आणि जमतं का, हे अजून तिलाही माहीत नाही. तुम्हालाही नाही आणि मलाही नाही. तीन लाखांचा निर्णय त्याआधी कसा घेणार?

कोंदण कसं होतं ते थोडं सांगते, म्हणजे ती काय मागते आहे ते तुम्हाला दिसेल. शुद्ध चांदीची पातळ पट्टी खड्याभोवती गुंडाळून मापाला कापायची. केसभर मोठी झाली तर खडा खुळखुळतो, केसभर लहान झाली तर बसतच नाही. टोकं कानशीनं सपाट करून जोडायची, टाकणखार लावायचा, डाखाचा, म्हणजे सांधा जोडणाऱ्या धातूचा, तिळाएवढा तुकडा ठेवायचा आणि आच द्यायची. चांदी उष्णता लगेच पसरवते, म्हणून ज्योत सांध्यावर धरून भागत नाही, सगळा तुकडा तापवावा लागतो. योग्य क्षणी डाख चकाकतो आणि पाण्यासारखा सांध्यात ओढला जातो. तो क्षण चुकला की पट्टीच वितळून गोळा होते. पहिले दहा-पंधरा गोळे प्रत्येकाचे होतात. खडा सगळ्यात शेवटी. फिरोजाला आच सोसत नाही, ॲसिडही नाही, म्हणून सगळं झाळकाम आणि धुणं उरकल्यावरच तो आत जातो. मग पट्टीची कड खड्यावर दाबत आणायची, तीही समोरासमोर. गाडीचं चाक बसवताना नट आवळतात ना, तसं. एकाच बाजूनं दाबत गेलं तर शेवटी कडेला सुरकुती पडते आणि ती लपवता येत नाही.

हे शिकायला जयपूरलाच का जायचं? तुमच्यापासून हुपरी अशी कितीशी लांब आहे! पैंजण आणि चांदीकामाचं ते गाव. घराघरांत तार ओढणं, कड्या करणं, झाळणं, उजळा देणं चालतं. ओळख काढा, मिरजेत सराफ कमी नाहीत. एखाद्या घरात तीन महिने, आठवड्यातून चार दिवस बसायची सोय लावा. रीतसर शुल्क द्या, फुकट शिकवा म्हणू नका. तिथे कोंदणाचं नाजूक काम असेलच असं नाही, पण आगीशी ओळख होईल. आच, डाख, कानस, कामात होणारी चांदीची घट हे सगळं हाताला कळेल. आणि मिरजेत राहून तुम्ही मला विचारता, हाताच्या कामावर घर चालतं का? सतारमेकर गल्लीतून एकदा चालत जा. तिथे भोपळ्यावर काम करणाऱ्याला कुणी ‘हा छंद की करिअर’ असं विचारत नाही.

तीन महिन्यांनी हौस टिकली तर रीतसर शिक्षणाचं बघू. मुंबईत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ जेम्स अँड ज्वेलरी आहे, जयपूरलाही याच नावाची संस्था आहे. खडे ओळखणं शिकायचं असेल तर मुंबईत जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया. प्रवेशाच्या तारखा आणि शुल्क थेट त्यांच्याकडूनच घ्या, एजंटाकडून नको. तिथे शिकून संगणकावर दागिने आखणं, खड्यांची पारख, मुंबईतल्या सीप्झ या निर्यात क्षेत्रातल्या कारखान्यात नोकरी या वाटाही निघतात. हे बाबांना सांगा, त्यांना बरं वाटेल.

शेवटचं सत्र सोडायचं नाही. यावर मी वाद घालत नाही. काही महिन्यांचा प्रश्न आहे, आणि वाणिज्याची पदवीधर कारागीर ही फार कामाची गोष्ट आहे. का ते पुढे सांगते.

खडे कापायच्या यंत्राला माझा साफ नकार आहे, आणि कारण पैसा नाही. शेजारच्या गुजरातेत खंभात आहे, अकीकाच्या कामासाठी शेकडो वर्षं प्रसिद्ध. तिथे घरात बसून अकीक घासणाऱ्यांना सिलिकोसिस होतो. दगडाची बारीक धूळ फुप्फुसात बसते आणि ती परत निघत नाही. घासणाऱ्याच्याच नाही, त्याच घरात राहणाऱ्यांच्याही छातीत ती जाते. तुमची बंद केलेली बाल्कनी म्हणजे तशीच खोली. पाणी सोडून घासलं तर धूळ कमी उडते हे खरं, पण चिखल वाळला की पुन्हा धूळच. जयपूरला घासून तयार झालेले खडे कॅरेटवर मिळतात. ज्याचं काम त्यानं करावं. जयपूरला जायचंच तर जोहरी बाजारात चार दिवस खडे बघायला आणि घ्यायला जाऊ दे, तुम्हीही बरोबर जा.

आगीचं काम मात्र घरी करता येईल. लहान ब्युटेनच्या टॉर्चवर अंगठ्या-पेंडंट होतात. स्वयंपाकाचा सिलिंडर धंद्याला जोडू नका, ते नियमात बसत नाही. बाल्कनीच्या काचा काढून टाका, टेबलावर फरशी किंवा विटा, शेजारी पाण्याची बादली, केस बांधलेले, अंगात सुती कपडे, ओढणी खुंटीला. डाख घेताना कॅडमियम नसलेला मागून घ्या. ‘केडीएम’ हा शब्द आपण दागिन्यांच्या दुकानात ऐकत आलो, ते कॅडमियमच, आणि त्याची वाफ विषारी असते. काळवंडलेली चांदी साफ करायला गंधकाचं ॲसिड वापरतात. सुरुवातीला तुरटीच्या गरम पाण्यावर भागवा, वेळ लागतो इतकंच.

आता हिशेब, म्हणजे वाणिज्याची पदवी. तिनं 41 नग विकले, त्यातून सुटलं किती, हे पत्रात नाही. तुम्ही विसरलात की तिलाच माहीत नाही? माझा कल दुसऱ्याकडे आहे. एक अंगठी धरू. चांदी 7 ग्रॅम, समजा 200 रुपयांनी 1400. खडा 500. डाख, गॅस, घट मिळून 100. डबी आणि कुरिअर 150. तिचे चार तास, तासाला फक्त 150 धरले तरी 600. झाले 2750, आणि यात नफा अजून आलेला नाही. सराफ बिलात ‘घडणावळ’ लावतो ते आपण निमूट देतो, पण घरातली मुलगी आपल्या चार तासांची घडणावळ लावायला लाजते. दुकानात ठेवायला दिलं तर दुकानदाराचा वाटा वेगळा. त्यात चांदीचं काही खरं नाही. 2025 च्या सुरुवातीला किलोला लाखाच्या आत होती, वर्षअखेर दोन लाखांच्या पुढे गेली. जानेवारीत सांगितलेल्या भावानं दिवाळीची ऑर्डर पूर्ण करणाऱ्याचे हात पोळले. म्हणून ऑर्डर घेताना चांदीचे पैसे आगाऊ घ्यायचे आणि त्याच दिवशी चांदी घ्यायची. कानशीचा चुरा कागदावर झाडून डबीत ठेवायचा. तुमच्या जिल्ह्यातल्या विटा-खानापूरचे गलाईवाले देशभर पोचलेत ते याच चुऱ्यातून सोनं-चांदी गाळून काढत. सराफी दागिन्यावर जीएसटी 3 टक्के आहे. राज्याबाहेर माल पाठवायचा असेल तर नोंदणीचा नियम एखाद्या सीएकडून एकदा समजून घ्या.

पैशांचं म्हणाल तर तीन लाख तसेच राहू द्या. शिकण्याचं शुल्क, टॉर्च, कानशी, करवत, वजनकाटा आणि सरावाची चांदी यासाठी 40 हजारांची मर्यादा घाला. सरावाला आधी तांब्याचा पत्रा. पुढे ती खरोखर काम करू लागली तर पीएम विश्वकर्मा योजनेत सोनारकाम धरून 18 व्यवसाय आहेत. अवजारांसाठी 15 हजार आणि 5 टक्के व्याजानं पहिलं 1 लाखाचं कर्ज मिळतं. ती हातानं काम करणाऱ्या कारागिरांसाठी आहे, म्हणून आत्ता अर्जाची घाई नको. लग्नाचे पैसे लग्नालाच का आणि धंद्याला का नाहीत, यावर मला बोलायचं होतं, पण ते तुमच्या घरात बोलण्याचं आहे.

बाबांच्या ‘सोनारांचं काम’ याला माझं उत्तर साधं आहे. ज्या संस्थांची नावं वर दिली, तिथे प्रवेशअर्जावर घराणं विचारत नाहीत. कुणाच्या नजरेची भीती असेल तर ती पहिल्या प्रदर्शनापर्यंतच असते.

दोन गोष्टी तिलाच वाचून दाखवा. एक, ‘नवाहो अंगठी’ असं लिहिलेलं एक डिझाइन फोटोच्या कोपऱ्यात दिसलं. नवाहो आणि झुनी हे अमेरिकेतले लोक आहेत, चांदी-फिरोजाचं काम ही त्यांची रोजीरोटी आहे. दुसऱ्यानं केलेली वस्तू त्यांची म्हणून विकू नये यासाठी तिथे 1990 चा कायदा आहे. व्हिडिओ बघून तंत्र शिकावं, नाव लावू नये. पैठणीवरचा मोर आणि आपल्या ठुशीचे घट्ट मणी तिच्या घरात आहेत, तिकडेही बघू दे. दोन, कुणी ‘गुरूसाठी फिरोजा’ मागितला तर अंगठी विकावी, फळाची हमी देऊ नये.

माझीही एक फिरोजाची अंगठी होती. तीच घालून मी कणीक मळायची, डोक्याला तेल लावायची. दोन वर्षांत आकाशी खडा शेवाळी झाला. मी दुकानदारावर चिडले होते. खडा सच्छिद्र असतो आणि तेल, अत्तर, घाम पितो, हे मला त्यानं सांगितलं नव्हतं, पण मीही विचारलं नव्हतं. तुमच्या मुलीनं प्रत्येक डबीत खडा कसा जपायचा याची एक चिठ्ठी घालावी, मराठीत, चार ओळींची.

परीक्षा संपल्यावर हुपरीचं ठरवा. नंतर तिला सांगा, एकाच मापाच्या, एकाच घडणीच्या दहा अंगठ्या कर. इन्स्टाग्रामला एक सुंदर अंगठी पुरते, गिऱ्हाईक मात्र ‘हीच, पण बहिणीसाठी’ म्हणून परत येतं. दहावी अंगठी झाली की पहिली आणि दहावी शेजारी ठेवून मला फोटो पाठवा. पुढून नको, मागच्या बाजूनं काढा, सांधे दिसतील असा.