एक्स्ट्रॅक्शन: काढणे, उपसणे की निष्कर्षण?

प्रश्न असा आहे: उमरेडच्या कोळसा खाणीवरच्या माहितीपत्रकाचं मराठी करताना 'कोल एक्स्ट्रॅक्शन'ला उत्खनन म्हणावं की निष्कर्षण? आणि शब्दकोशात याच शब्दापुढे दात काढणे, अर्क, वंश असं सगळं एकत्र कसं?

कोळशाला निष्कर्षण नको. बोलताना 'कोळसा काढणे', कागदोपत्री 'खनन' किंवा 'उत्खनन'. उत्खनन हा पुरातत्त्ववाल्यांचाही शब्द, पण गौण खनिजांच्या सरकारी कागदांत तो इतका रुळलाय की आता हरकत घेण्यात हशील नाही. एक जागा मात्र जपा. उमरेडची खाण खुली आहे. सावनेरकडच्या भूमिगत खाणींत आधी कोळशाच्या थरातून गल्ल्या काढतात आणि छत तोलायला मध्ये कोळशाचेच खांब सोडतात. नंतर मागे मागे सरकत ते खांबही काढून घेतात, त्याला खाणीत डिपिलरिंग म्हणतात. थरात होता त्यातला किती कोळसा हाती आला, ते 'पर्सेंटेज ऑफ एक्स्ट्रॅक्शन'. तिथे 'उत्खननाची टक्केवारी' लिहिलंत तर खोदकाम किती उरकलं असं वाटेल. सरळ 'काढलेल्या कोळशाचं प्रमाण' लिहा.

निष्कर्षणाची जागा पुढची. मनसरच्या खाणीतून मँगनीजचं खनिज वर येतं ते खनन; त्या खनिजातून धातू वेगळा करतात ते निष्कर्षण. धातू शास्त्रातला हा शब्द रसायनातही चालतो. सोयाबीनच्या सॉल्व्हंट प्लँटचंच बघा ना. तेलबिया नुसत्या पिळल्या तर ढेपेत (पुण्याकडे पेंड म्हणतात) बरंच तेल राहून जातं. म्हणून सोयाबीनचे पापुद्रे करून त्यांवर हेक्झेन हे तेल विरघळवणारं द्रावण सोडतात. तेल त्यात उतरतं, मग उष्णता देऊन हेक्झेन उडवतात, थंड करून पुन्हा वापरतात. मागे उरते ती डीओसी, म्हणजे तेल काढून घेतलेली ढेप, तिच्यात तेल जेमतेम एक टक्का. घाण्यावर मात्र कुणी निष्कर्षण करत नाही, तिथे जवसाचं तेल 'काढतात' नाहीतर 'गाळतात'.

म्हणजे मराठीत क्रियापद ठरतं ते वस्तू कशी बाहेर येते त्यावरून. भूजलाचा आणि कन्हानच्या रेतीचा उपसा. औषधी वनस्पतीचा अर्क. संत्र्याचा रस. वर्गमूळ काढायचं, मोतीबिंदू काढायचा, दाढही काढायची. पण दात काढण्यात घोळ आहे: डेंटल कॉलेजात जाऊन आलेला माणूस 'दात काढले' म्हणाला तर ऐकणारा विचारेल, हसण्यासारखं काय झालं होतं? म्हणून लेखी मजकुरात 'दात काढून टाकणे' बरं.

'ऑफ इंडियन एक्स्ट्रॅक्शन' म्हणजे भारतीय वंशाचा, तिथे काढायचं काहीच नाही. 'एक्स्ट्रॅक्ट'चा आणखी एक अर्थ तलाठ्याकडे सापडतो: सातबाराचा उतारा.

राहिलं डेटा एक्स्ट्रॅक्शन. संगणकाच्या पुस्तकांत 'माहिती निष्कर्षण' वाचलंय, मला ते बोजड वाटतं. ढिगातून हवं तेवढंच उचलायला आपल्या कापसाच्या मुलखात 'वेचणे' आहे. 'पावत्यांतून रकमा वेचून घेणे' कुणालाही कळेल.