घरातल्या टाकाऊ सामानातून वॉरगेमसाठी डोंगर-झाडी कशी बनवायची?

तुमच्याकडे वॉरगेमचे, म्हणजे टेबलावर मांडून खेळायच्या लढाईच्या खेळाचे, २८ मिमीचे छोटे सैनिक आहेत, पण टेरेनचे, म्हणजे डोंगर-झाडीचे, तयार सेट परवडत नाहीत. घरातल्या भंगारातून काही जमेल का, असं तुम्ही विचारलंय. जमेल, आणि झकास जमेल. लहानपणी दिवाळीत किल्ला केला असेल, तर निम्मं काम तुम्हाला येतंच. फरक इतकाच की किल्ल्यावरचे मावळे एकदा मातीत खोचले की चार दिवस तिथेच राहतात, इथे मात्र सैनिक दर खेपेला हलवायचे असतात. म्हणून घसरता उतार करू नका, टप्पे करा.

मी उंबरखिंडीच्या लढाईचं टेबल, म्हणजे खेळायचं मैदान, केलंय. १६६१ च्या फेब्रुवारीत मुघल सरदार कारतलबखानाची फौज कुरवंड्याच्या घाटाने कोकणात उतरली आणि दाट रानातल्या अरुंद खिंडीत शिवाजी महाराजांनी तिला गाठलं. ती लढाई जमिनीनेच जिंकून दिली, म्हणून मी रंगरूप मागे ठेवलं आणि आधी खिंडीची रुंदी ठरवली: १० सेंमी. माझ्या सैनिकांची बैठक, म्हणजे पायाखालचा तळ, २५ मिमीची आहे, म्हणजे शेजारी शेजारी चारच जण मावतात. मागची सगळी फौज अडकून पडते. खेळताना ती कोंडी हाताला जाणवते, आणि मला तेच हवं होतं.

डोंगराला फ्रिज किंवा टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल घ्या. साधारण २ सेंमी जाडीचे तुकडे एकावर एक चिकटवा आणि वरचा प्रत्येक थर ३ सेंमी आत घ्या, म्हणजे कडेवर सैनिक नीट उभा राहतो. सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर साचूनच झालाय, त्यामुळे हे टप्पे खोटे वाटत नाहीत. कड कटरने कापली तर गुळगुळीत दिसते. ती बोटांनी मोडा, आणि उघडे पडलेले दाणे झाकायला वर्तमानपत्राचे कपटे पाणी घातलेल्या फेविकॉलने दोनदा चिकटवा. थरांमध्येही फेविकॉलच लावा आणि रात्रभर वर वजन ठेवा. मध्ये हवा लागत नाही, तो सावकाश वाळतो.

एक चूक मात्र करू नका. माझ्या पहिल्या डोंगरावर मी थेट डब्यातला स्प्रे मारला. पाच मिनिटांत कडा खचल्या, भोकं पडली, आठवडाभराची मेहनत गेली. स्प्रेमधलं आणि काही गोंदांमधलं द्रावक थर्माकोल विरघळवतं. पोस्टर कलर किंवा अ‍ॅक्रिलिकच वापरा. आधी सगळीकडे काळपट तपकिरी द्या. वाळल्यावर राखाडी रंगात ब्रश बुडवून तो कागदावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसा, मग कडांवरून हलकेच फिरवा. कातळ एकदम उठून येतो.

तळाला खोक्याचा पुठ्ठा घेतला तर ओला होऊन वाकतो, म्हणून रंग दोन्ही बाजूंनी द्या. त्यापेक्षा परीक्षेचं जुनं हार्डबोर्डचं पॅड क्लिप काढून वापरा.

जमिनीवर चहाचा चोथा चांगला दिसतो, पण आधी धुऊन दोन दिवस कडक उन्हात वाळवा, नाहीतर बुरशी धरते. वाळक्या गवताला नारळाच्या शेंड्या बारीक कापून घ्या, झोपडीचं छप्परही त्यांचंच.

झाडांसाठी माझी सगळ्यात आवडती वस्तू म्हणजे वाळलेली तुळस. मंजिऱ्या काढून टाकल्या की उरलेल्या काडीला फुटलेल्या बारीक फांद्या हुबेहूब मोठ्या झाडासारख्या दिसतात. भांडी घासायच्या जुन्या स्पंजाचे बारीक तुकडे दोन-तीन हिरव्या छटांत भिजवून वाळवा आणि फांद्यांना चिकटवा. झाडं डोंगराला कायमची चिकटवू नका. प्रत्येकाला नाण्याएवढा पुठ्ठ्याचा तळ द्या, म्हणजे रानात सैनिक शिरला की झाड बाजूला उचलून त्याला जागा करता येते.