कोकणात ख्रिस्ती विषयावरचं मनोरंजन आहे का? सुरुवात कुठून करावी?

आहे, आणि भरपूर आहे. फक्त चित्रपटगृहात शोधाल तर हाती फारसं लागणार नाही.

सुरुवात 'क्रिस्तपुराणा'पासून करा. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट (एका कॅथलिक संघाचा धर्मगुरू) १५७९ मध्ये गोव्यात आला आणि त्याने बायबलची कथा चक्क मराठी ओवीत लिहिली. सुमारे ११ हजार ओव्या! १६१६ मध्ये गोव्यातल्या राचोलला छापलं गेलं तेही रोमन लिपीत. पहिले तीन चरण यमकात आणि चौथा आखूड, मोकळा, म्हणजे आपली ज्ञानेश्वरीच्या वळणाची ओवी. मनात वाचू नका, कंटाळाल, मोठ्याने म्हणा. ते ऐकण्यासाठीच रचलंय.

गद्य हवं असेल तर वसईकडे या. 'सुवार्ता' मासिकाचे जुने अंक चाळा. फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्याचे बरीच वर्षं संपादक होते. त्यांच्या 'सुबोध बायबल'ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळालाय. फादर आधी लेखक, मग धर्मगुरू वाटावेत अशी भाषा.

गोव्यातलं तियात्र (गाण्यांनी भरलेलं लोकप्रिय नाटक) कोंकणीत असतं, पण मराठी माणसाला बऱ्यापैकी कळतं. ते धार्मिकच असतं असं मात्र नाही. राजकारण्यांची यथेच्छ टिंगल करणारी 'कांतारां', म्हणजे त्यातली गाणी, हीच खरी गंमत.

सिनेमाच पाहायचा असेल तर येशूच्या जीवनावरचा १९७८ चा तेलुगू 'करुणामयुडू', हिंदीत 'दयासागर'. अभिनय जरा भडक आहे, पण पौराणिक चित्रपटांची सवय असेल तर खटकणार नाही.