मार्क घ्या, पण सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनाला थांबा

तुम्ही विचारलंय : "मी भौतिकशास्त्राचा पदवीधर. देव मानत नाही, पण येशूबद्दल कुतूहल आहे. ख्रिस्ती श्रद्धा विज्ञानाच्या कसोटीवर तपासता येते का? वाचायला सुरुवात कुठून करू?"

वाचायचं कुठून ते शीर्षकात सांगितलंय : बायबलमधलं मार्कचं शुभवर्तमान, म्हणजे मार्कनं लिहिलेलं येशूचं चरित्र. बाकीच्या अर्ध्या प्रश्नासाठी मला एक घोणस सांगावी लागेल.

मी मिरजेचा, ख्रिस्ती घरातली तिसरी पिढी. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत जे मिशन हॉस्पिटल काढलं, तिथं आजोबा वॉर्डबॉय होते. त्यामुळं आमच्या घरात प्रभू आणि टिंक्चर आयोडीन एकाच दारानं आले. मी एकतीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं, त्यातली बारा वर्षं रविवारी संडे स्कूलही घेतलं. सोमवारी उत्क्रांती, रविवारी उत्पत्ती. दोन्हीकडच्या लोकांनी मला या गोष्टीवरून पुरेसं टोचलेलं आहे, म्हणून हा प्रश्न दिसल्यावर राहवलं नाही.

२००९ चा डिसेंबर. मामांच्या गावी होतो, तासगावच्या बाजूला. शेतीची लाईट रात्रीची, म्हणून मामेभाऊ मोटर चालू करायला उसात गेला आणि त्याचा अकरा वर्षांचा मुलगा बॅटरी घेऊन मागं. आठच्या सुमाराला पोरगं बापाच्या पाठीवर परत आलं. घोट्याच्या वर दोन खुणा, पाय सुजायला लागलेला. म्हणालं, जाड होता, अंगावर साखळीसारखी नक्षी होती आणि कुकरची शिट्टी झाल्यासारखा आवाज केला. मला पुढचं ऐकायची गरज नव्हती.

मामा चर्चचे एल्डर, म्हणजे मंडळीतले वडीलधारे पदाधिकारी. त्याच आठवड्यात बाहेरगावच्या एका प्रचारकानं गावात सभा घेतली होती आणि वचन घेतलं होतं मार्क १६:१८. विश्वास ठेवणारे सर्प उचलतील, विष प्याले तरी बाधणार नाही, आजाऱ्यांवर हात ठेवतील आणि ते बरे होतील. दोन दिवसांपूर्वी ऐकलेलं वचन आणि समोर साप चावलेला नातू. मामांनी पोराला बाजेवर निजवलं, तेल मागवलं, चार घरची माणसं जमली, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना सुरू झाली. शेजारचे काका म्हणत होते, अमुक गावच्या मांत्रिकाकडं न्या, तो विष उतरवतो. मामा त्यांच्यावर खेकसले, "असली अंधश्रद्धा आमच्यात चालत न्हाई." हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

आणि मी काय केलं? प्राणिशास्त्राचा प्राध्यापक तासभर अंगणात उभा होता. दोनदा म्हणालो, "मामा, सांगलीला नेऊ या." दोनदा ते म्हणाले, "आमेन होऊ दे." तिसऱ्यांदा पोराच्या हिरडीतून रक्त दिसलं तेव्हा विचारणं सोडलं. मामेभावाला म्हणालो, चावी दे. द्राक्षाची क्रेट वाहायचा छोटा हत्ती होता, त्याच्या हौद्यात गादी टाकली आणि पोराला सिव्हिलला नेलं. पाऊण तास लागला. तो वाया गेलेला तास मी मामांच्या खात्यावर लिहीत आलोय. त्यातला अर्धा माझ्या खात्यावर आहे.

तिथला डॉक्टर पंचविशीतला असेल. त्यानं साप कुठला म्हणून फार विचारलं नाही. दोन मिली रक्त काढलं, नव्या कोरड्या काचेच्या नळीत घातलं, नळी स्टँडवर उभी केली आणि घड्याळाकडं बोट दाखवून म्हणाला, "वीस मिनिटं कुणी हात लावायचा नाही." घोणशीचं विष रक्त गोठवणारी द्रव्यं संपवून टाकतं. वीस मिनिटांनी नळी तिरकी करायची. गुठळी झाली असेल तर ठीक, रक्त पाण्यासारखं वाहिलं तर प्रतिविष चालू. नळी काचेचीच लागते, कारण काचेचा पृष्ठभाग गोठण्याची क्रिया सुरू करून देतो. प्लास्टिकमध्ये चांगलं रक्तही फसवतं. इतकी स्वस्त आणि इतकी प्रामाणिक चाचणी मी आयुष्यात दुसरी पाहिली नाही.

त्या वीस मिनिटांत मी प्रार्थना केली. शब्द तीनच होते : प्रभू, गोठू दे.

नंतर घरी आल्यावर कळलं की मी काय मागत होतो. विष भिनलेलं होतं, हे हिरडीतल्या रक्तानं सांगितलंच होतं. आणि औषध द्यायचं की नाही हे ज्या नोंदीवर ठरणार, ती नोंदच चुकव म्हणून मी देवाला सांगत होतो. ऐकलं असतं तर पोरगं गेलं असतं. वर्गात मुलांना निकाल फिरवला म्हणून शून्य देणारा मी.

सिस्टरनं नळी तिरकी केली, रक्त पाण्यासारखं वाहिलं. दहा कुप्या सलाईनमधून. सहा तासांनी परत नळी, परत गोठलं नाही, आणखी दहा. त्यानंतरच्या नळीत सकाळी गुठळी धरली. आठ दिवसांनी पोरगं घरी आलं.

आता खरं भांडण. पुढच्या रविवारी उपकारस्तुतीची उपासना होती. मामा साक्ष द्यायला उभे राहिले आणि म्हणाले, प्रभूनं सर्पाचं विष पाणी केलं. डॉक्टर नाही, सिस्टर नाही, छोटा हत्ती नाही. मी उठलो आणि म्हणालो, "मामा, वीस कुप्या. आणि त्या कुप्या घोड्यांच्या रक्तातून आल्या. घोड्याला थोडं थोडं विष टोचतात, त्याच्या रक्तात जी प्रतिद्रव्यं तयार होतात ती आपण वापरतो. आभार मानायचे तर निदान घोड्याचे माना." चर्चमध्ये कुणीतरी हसलं. ते हसू मामांना साप चावल्यागत लागलं. महिन्याभरात माझं संडे स्कूल गेलं. कारण असं सांगितलं की बायबलमधले सृष्टी घडवण्याचे सहा दिवस हे चोवीस तासांचे नव्हते असं मी मुलांना शिकवतो. शिकवत होतोच, पण बारा वर्षं शिकवत होतो.

(त्या कारणावर मला एवढंच म्हणायचंय : पाचव्या शतकाच्या सुरुवातीला संत ऑगस्टीन यांनी उत्पत्तीवर भाष्य लिहिताना बजावलंय की पृथ्वी-ताऱ्यांबद्दल पवित्र शास्त्राचा हवाला देऊन ख्रिस्ती माणूस काहीबाही बोलला, तर ऐकणारा आपल्यावर हसेल आणि मग पुनरुत्थानाबद्दलही ऐकून घेणार नाही. डार्विनच्या चौदाशे वर्षं आधी. आमच्या चर्चच्या समितीत हे कुणी वाचलं नव्हतं.)

स्टाफरूममध्ये दुसरी बाजू बसलेली होती. आमचे रसायनशास्त्राचे सर अंधश्रद्धा निर्मूलन समितीतले, दाभोलकरांबरोबर साताऱ्यात शिबिरं केलेले, पक्का माणूस. सगळी हकीकत ऐकून म्हणाले, "मग अजून जाता कशाला तिथं? तुम्ही अर्धेच बरे झालात." त्यांचं म्हणणं, प्रार्थनेनं काही होत नाही हे तुम्हीच नळीत पाहिलंत, विषय संपला.

अर्धं म्हणणं बरोबर आहे, आणि तुम्ही पदार्थविज्ञानाचे म्हणून ते आकड्यांतच सांगतो. २००६ साली अमेरिकेत १८०२ बायपास रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्यासाठी प्रार्थना झाली पण त्यांना खात्री दिली नव्हती त्यांच्यात ५२ टक्क्यांना गुंतागुंत झाली. ज्यांच्यासाठी झाली नाही त्यांच्यात ५१. आणि ज्यांना ठामपणे सांगितलं होतं की तुमच्यासाठी प्रार्थना चालू आहे, त्यांच्यात ५९. प्रार्थना औषधासारखी काम करते असा कुणाचा दावा असेल तर तो तपासला गेलाय आणि पडलाय. इथं मी समितीच्या बाजूला आहे. साप, कुत्रा, विंचू चावलेल्या माणसाला दवाखान्यापासून अडवून मंत्रतंत्र करणं हा आता जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. तो कायदा व्हायला दाभोलकरांचा खून व्हावा लागला, ऑगस्ट २०१३ मध्ये. २००९ साली असता तर मामांच्या अंगणात मी तासभर उभा राहिलो नसतो, असं मला वाटून घ्यायला आवडतं.

पण मी चर्चला जातो ते प्रार्थना औषध आहे म्हणून जात नाही, आणि सरांना मी हे कधीच पटवू शकलो नाही. मेंडेल मठात राहत होता, महास्फोटाची कल्पना मांडणारे लमेत्र कॅथलिक धर्मगुरू होते, ही यादी मी त्यांच्यावर फेकली. तुमच्यावर फेकणार नाही. यादीनं काही सिद्ध होत नाही. न्यूटन त्रैक्यच (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) मानत नव्हता आणि किमया करत बसायचा. यादीतला एकच माणूस माझ्या कामाचा आहे. फॅरेडे एका छोट्या कडक पंथातला, त्या मंडळीचा एल्डर, म्हणजे मामांच्याच पदावरचा. १८५३ साली लंडनमध्ये टेबल आपोआप फिरवणाऱ्या बैठकांचं वेड होतं. फॅरेडेनं हाताखाली एक साधं यंत्र ठेवून दाखवलं की टेबल बसलेली माणसंच ढकलतात, फक्त त्यांना कळत नाही. आणि रविवारी मंडळीत जाऊन बसला. सर म्हणाले, एका डोक्यात दोन खोल्या केल्या त्यानं. असतील. माझ्याही आहेत, पण मधलं दार उघडं आहे, म्हणून तर भांडणं होतात.

तर मार्क. चारही शुभवर्तमानांत सगळ्यात लहान आणि बहुतेक अभ्यासकांच्या मते सगळ्यात आधीचं. एका दुपारी वाचून होतं. उत्पत्तीपासून सुरुवात करू नका, तिसऱ्या पुस्तकापर्यंत, लेवीयपर्यंत पोचून बायबल मिटाल. आता शीर्षकाचं. चौथ्या शतकातल्या दोन सगळ्यात जुन्या संपूर्ण म्हणाव्यात अशा हस्तलिखितांत, सायनायटिकस आणि व्हॅटिकेनसमध्ये, मार्क १६:८ ला संपतो. बायका कबरेपाशी जातात, कबर रिकामी, त्या पळत सुटतात आणि कुणाला काही सांगत नाहीत, कारण त्या भ्यालेल्या असतात. एवढंच. सर्प उचलण्याचं वचन त्यापुढच्या बारा वचनांत आहे, ती नंतर जोडली गेली असं बहुतेक अभ्यासक मानतात. मी हे मामांना हस्तलिखिताच्या छायाचित्रासकट दाखवलं. ते म्हणाले, "पवित्र शास्त्रात छापलंय न्हवं?" आमचा तिथं संवाद संपला, चार वर्षांसाठी.

विज्ञानाच्या कसोटीचं म्हणाल तर कबर नळीत घालता येत नाही. एकदाच घडलेली गोष्ट पुन्हा करून बघता येत नाही, तिथं इतिहासाची कसोटी लागते. येशू रोमन सुभेदार पंतय पिलाताच्या काळात मारला गेला हे रोमन इतिहासकार टॅसिटसही लिहितो, आणि त्याला ख्रिस्ती लोकांबद्दल काडीचं प्रेम नव्हतं. प्रेषित पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र साधारण इसवी सन ५५ चं, म्हणजे घटनेनंतर वीस-पंचवीस वर्षांत. त्यात तो स्वतःच म्हणतो की ख्रिस्त मेलेल्यांतून उठला नसेल तर आमचा उपदेश फुकट आणि तुमचा विश्वासही फुकट आहे. मला हे वाक्य आवडतं, कारण त्यानं स्वतःची मान टांगणीला लावलीय. इतिहास इथवर आणून सोडतो. पुढं उडी आहे आणि ती मी मारलीय. जन्मानंच कडेवर उभा होतो, त्यामुळं माझा नमुना दूषित आहे, तो धरू नका. उडी मारणारा हवा तर रेव्हरंड ना. वा. टिळक बघा. आगगाडीत एका अनोळखी माणसानं नवा करार हातात दिला, डोंगरावरचं प्रवचन वाचताना ते अडकले, १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि त्यासाठी घरदार तुटेपर्यंत किंमत मोजली. त्यांना कुठलं विष उतरलेलं दिसलं नव्हतं. त्यांची गीतं मामा आजही पाठ म्हणतात.

सगळे पाळक, सगळे एल्डर असे नसतात हेही लिहून ठेवतो, नाहीतर भाचेसुना मला फोन करतील. आणि साप चावला तर हे उत्तर वाचत बसू नका, १०८ ला फोन करा.

मामा आता चौऱ्याऐंशीचे आहेत. पोरगं पुण्यात कंपनीत आहे, चर्चला जात नाही आणि या वादात त्याला शून्य रस आहे. गेल्या नाताळाला फराळाला गेलो होतो. मामांनी मध्येच विचारलं, "मास्तर, त्या रात्री साप तू बघितलास का?"

"नाही."

"मग घोणस कशावरनं?"

"पोरगं म्हणालं. साखळीची नक्षी, शिट्टी."

"अकरा वर्साचं पोर, अंधारात, भ्यालेलं. त्याच्या साक्षीवर इश्वास ठेवलास."

"साक्षीवर नाही मामा, नळीवर."

"नळी नंतर. गाडी आधी काढलीस."

मी म्हणालो, काढली म्हणून तर नळीपर्यंत पोचलो. तुम्ही तर बाजेपासून हलत नव्हता.

त्यांनी ताट पुढं सरकवलं. "करंजी घे."