थंडर चोरलं म्हणजे नक्की काय चोरलं?

प्रश्न: मीटिंगमध्ये मी सहज बोलून गेले की नवीन क्लायंट मिळालाय, तर ते काम आणणारी मैत्रीण हसतहसत म्हणाली, 'यू स्टोल माय थंडर'. मी काय चोरलं बाई? चिडली होती का ती? – एक वाचक, चिंचवड

उत्तर: हसली तरी थोडी चिडली असणारच. बातमी तिची, ती सांगून भाव खायचा चान्सही तिचा, आणि तुम्ही आधीच फोडून मोकळ्या! थंडर म्हणजे ढगांचा गडगडाट, आणि गंमत म्हणजे तो खरोखर चोरीला गेला होता. १७०९ साली लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरात जॉन डेनिस नावाच्या लेखकाचं नाटक लागलं, त्यासाठी पठ्ठ्यानं स्टेजमागून गडगडाट काढायची नवीन युक्ती शोधली होती. नाटक पडलं, लगेच उतरवलं. पुढे तिथंच मॅकबेथ बघायला गेला तर काय, ह्याचाच गडगडाट! तिथल्या तिथे ओरडला म्हणतात, की माझं नाटक चालू देत नाहीत आणि माझा गडगडाट मात्र चोरतात. आपला 'आयत्या बिळावर नागोबा' जवळचा आहे पण अगदी तोच नाही, कारण नागोबा बीळ बळकावून बसतो, इथे बहिणीच्या साखरपुड्यात भावानं स्वतःचं लग्न ठरल्याचं सांगून टाकलं तरी बहिणीचं थंडर गेलंच की.

प्रश्न: अमेरिकन क्लायंटनं मेलमध्ये 'लेट्स टेबल धिस' लिहिलं म्हणून मी रात्रभर जागून प्रेझेंटेशन केलं, मीटिंगमध्ये विषयच निघाला नाही! – एक जागलेला, ठाणे

उत्तर: अरेरे. अमेरिकेत टेबल करणं म्हणजे विषय तूर्त बाजूला ठेवणं, ब्रिटनमध्ये बरोब्बर उलटं, म्हणजे चर्चेला घेणं. आपल्या विधानसभेत कागद 'पटलावर ठेवतात' ते ब्रिटिश वळणाचं, त्यामुळे आपला घोळ ठरलेलाच. आणि एकटे तुम्हीच नाही फसलात, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन अधिकारी ह्याच एका शब्दावरून बराच वेळ तावातावानं भांडले आणि मग कळलं की दोघांनाही हवंय एकच, असं खुद्द चर्चिलनं लिहून ठेवलंय. प्रेझेंटेशन डिलीट करू नका, टेबल केलेला विषय परत येतो कधीकधी.